तीन वजा

डेक म्हणे. साधं ओटा म्हणायला माझ्या भावाची जीभ झिजते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून बागेत जाणारा फळ्यांचा ओटा, एवढीच ती वस्तू. पण त्यानं व्हिडिओ बघितले, त्यातला दाढीवाला माणूस त्याला डेक म्हणतो, म्हणून आमच्याकडेही डेक. दाढीवाला कुठल्याशा तळ्याकाठी राहतो आणि त्याच्यामागे सदानकदा एक कुत्रा शेपटी हलवत बसलेला असतो. आमच्याकडे तळं नाही, कुत्रा नाही, आणि भावाला करवत धरता येत नाही. बाकी सगळी तयारी होती.

भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. ऑफिसात बसून लोकांच्या अर्जांवर सह्या करतो. आयुष्यात त्यानं लाकडाला हात लावला तो टेबलावर कोपर टेकवताना. मी दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे दर रविवारी हा तमाशा बघायला मी हजर असायची, आणि बघून गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. बाबा मला लहानपणापासून कात्री म्हणतात, ते काही उगाच नाही.

हौस म्हणून केला असता तर मी एक शब्द बोलले नसते. हौसेला मोल नाही म्हणतात, तशी अक्कलही नसते, ठीक आहे. पण हा ओटा हौसेचा नव्हता. गेल्या वर्षी बाबा मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून बागेत उतरताना पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, सळई घातली, हळूहळू वॉकर धरून घरभर फिरायला लागले. बागेत मात्र जाता येईना, कारण दार आणि बाग यांच्यामध्ये त्याच दोन पायऱ्या. व्यायाम घ्यायला येणारी बाई स्पष्ट म्हणाली, "पायरी नको. बोटभर उंचीचीसुद्धा नको. पाय बरा आहे, पण पाय उचलायची धास्ती बसलीय त्यांना. ती जाईपर्यंत सपाट चालू दे." उचलून बाहेर नेऊ म्हटलं, तर बाबा नाही म्हणाले. हॉस्पिटलात नेताना त्यांना खुर्चीत घालून चौघांनी उचललं होतं, ते त्यांना फार लागलंय. तेव्हा आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचं आणि स्वतः लावलेलं लिंबाचं झाड काचेतून बघायचं, असं चाललं होतं.

तेही एक वेळ मी सहन केलं असतं. मला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच गोष्टीनं. बाबा गोड बोलायला लागले होते.

ज्यांनी आमचे बाबा बघितले नाहीत त्यांना यात काय भीतीदायक ते कळणार नाही. या माणसानं जन्मभर कुणाला सुखासुखी बरं म्हटलं नाही. मी त्यांना सदरा आणला की विचारणार, "शिवणारा आंधळा होता की विकत घेणारी?" भावाला नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "त्यांच्याकडे दुसरं कुणी आलंच नसेल." आम्हाला यात कधी काही वाटलं नाही. आमच्या घरात माया अशीच वाढली जायची, आणि ज्याला जास्त बोलणी त्याच्यावर जास्त जीव, हे आम्हा भावंडांना चालता येण्याआधी कळलं होतं. आई असताना रुसून म्हणायची, आज मला काहीच बोलला नाहीत, बरं नाही का तुम्हाला?

आणि पडल्यापासून हे बाबा म्हणायला लागले, "छान आहे गं," "तुम्हाला त्रास होतो माझा," "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." माणूस गेल्यावर लोक जितकं गोड बोलतात तितकं गोड ते जिवंतपणी बोलत होते. पहिल्यांदा "योग्य वाटेल ते करा" ऐकलं तेव्हा मी घरी जाऊन रडले. मला माझे बाबा परत हवे होते, तोंडाळ, कुजकट, जसे होते तसे. ते बागेत गेले, लिंबाच्या बुंध्याला हात लावला, आळं कोरडं का म्हणून कुणाच्या तरी अंगावर खेकसले, तर परत येतील, असं माझ्या मनानं घेतलं होतं. भावाच्याही मनानं तेच घेतलं असावं. आम्ही एकमेकांशी असलं काही बोलत नाही.

फक्त एका माणसाला बाबा कधीच काही बोलले नव्हते, ती म्हणजे माझी भावजय. लग्न होऊन अठरा वर्षं झाली तिला. पहिल्याच दिवशी बाबांनी ठरवलं, "परक्याची पोर आहे, तिला काय बोलायचं," आणि ते पाळलं. एकदा तिनं चुकून त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मला असा चहा दिला असता तर कपासकट परत आला असता. तिचा चहा त्यांनी पूर्ण प्यायला आणि म्हणाले, "वेगळी चव आहे." ती आत जाऊन रडली. मला तेव्हा वाटलं, मिठाचं वाईट वाटलं असेल.

असो. मी आधी एक गवंडी आणला होता. भला माणूस, त्यानं दार बघितलं, पायऱ्या बघितल्या आणि म्हणाला, सिमेंटचा उतार करून देतो, चार दिवसांत वॉकर खाली. भाऊ दारात आडवा उभा राहिला. नको म्हणाला, मी करणार. हे दुखणं त्याचं एकट्याचं नाही, खानदानी आहे. आमच्या घरात कामाला माणूस लावणं म्हणजे नाक कापून घेणं. बाबाच म्हणायचे, "पैसे देऊन वाकडं करून घेण्यापेक्षा आपण फुकटात वाकडं करू." आणि केलंय त्यांनी, शब्दाला जागून. स्वयंपाकघरातलं फडताळ इतकं उतरतं आहे की डबे आठवडाभरात एका कोपऱ्यात गोळा होतात. वरचा ड्रॉवर उघडायचा तर आधी खालचा ओढावा लागतो. न्हाणीघराचं दार गुडघ्यानं उचलून लावायचं असतं, आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना हे प्रशिक्षण देतो.

त्याच वरच्या ड्रॉवरमध्ये बाबांचा मोजायचा टेप. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला त्यांनी त्याचं टोक वापरलं आणि ते तुटलं, पहिल्या तीन सेंटिमीटरसकट. नवा आणा म्हटलं तर म्हणाले, "तीन सेंटिमीटरसाठी पाच मीटर फेकू?" तेव्हापासून घरचा नियम झाला. टेप जे सांगेल त्यातून तीन वजा करायचे. पडदे, गाद्या, मुलांच्या उंच्या, सगळं आम्ही तसंच मोजलंय. शाळेत मी मैत्रिणीच्या घरी टेबल मोजलं आणि सवयीनं तीन वजा केले, तर तिची आई माझ्याकडे बघतच राहिली.

तर अशा घरात डेक सुरू झाला. भावानं हत्यारांची पेटी आणली, लालभडक, नवी कोरी. त्यात नवा टेप, पाणसळ, ड्रिल, आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा. चष्मा लावून तो पहिला अर्धा दिवस नुसता बागेत फिरला. मग खड्डे खणायला घेतले. खांबांसाठी खड्डे, सगळे सारख्या खोलीचे. ते तो मोजत होता आणि मोजताना त्याच खड्ड्यात पाय घालून पडत होता. मी खिडकीतून म्हटलं, "अरे, दुसरा खुबा मोडशील, मग दोघांसाठी एकच वॉकर पाळीपाळीनं वापरा." त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खांब उभे राहिले. त्यांच्यावर वासे बसले. प्रत्येक वाशावर तो पाणसळ ठेवायचा आणि त्यातला बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत श्वास रोखून बसायचा. बुडबुडा आला की भावजयीला हाक. ती बिचारी भाजी चिरायची सोडून बाहेर जायची, वाकून बुडबुडा बघायची आणि "आला हं मध्ये," म्हणून परत यायची. दिवसातून कितीदा. माझ्या नवऱ्यानं मला असं बुडबुडे बघायला बोलावलं असतं तर मी ती पाणसळ त्याच्या डोक्यात घातली असती.

बाबा खिडकीशी बसून सगळं बघत होते. मी मुद्दाम त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसायची आणि काड्या टाकायची. एका रविवारी भाऊ फळी कापत होता. करवत अशी धरलेली की जणू तुणतुणं वाजवतोय. मधेच अडकली, त्यानं ओढली, फळी सटकली आणि त्याच्या पायावर पडली. एवढं आयतं ताट मी बाबांपुढे ठेवलं.

"बघितलंत का बाबा? लाकूड कापतोय की लाकडाला गुदगुल्या करतोय?"

बाबा हळू आवाजात म्हणाले, "करतोय बिचारा."

खिडकी उघडी होती. भावानं करवत खाली ठेवली. पाय चोळत आत आला, माठापाशी उभा राहून पाणी प्यायला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, बाबा मला बिचारा म्हणाले."

चाळिशी उलटलेला माणूस, पण तोंड असं झालं होतं की मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "पलीकडची फळी उलटी बसवलीयस." तो निमूट बाहेर गेला आणि ती उखडून परत बसवली.

शेवटी झाला एकदाचा. सगळ्या फळ्या, दारालगतच्या सगळ्यात शेवटी बाहेरच्या बाजूनं, ठोकून झाल्यावर त्यानं वर तेलाचा हात दिला, त्यावर जुन्या चादरी टाकल्या आणि वाळेपर्यंत मागच्या दाराला कुलूप लावून किल्ली खिशात घातली. कुणी पाऊल टाकायचं नाही म्हणे. दाढीवाल्यानं तसं सांगितलं होतं. एक वेळ अशी होती की बापानं काही सांगितलं तर याला दहादा सांगावं लागायचं.

पुढच्या रविवारी उद्घाटन. मी लवकरच गेले. खरं सांगायचं तर बरंच काही बोलायचं ठरवून गेले होते, आठवडाभर जिभेला धार लावली होती. भावानं बाहेरून जाऊन चादरी काढल्या. बागेच्या बाजूनं बघितलं तर, मी हे त्याला सांगणार नाही, पण ओटा देखणा होता. फळ्या एका रेषेत, कडा गुळगुळीत, अगदी लिंबापर्यंत पोचलेला. तो पुढच्या दारानं आत आला, हात पुसले आणि कुलूप काढलं. बाबा वॉकर धरून उभे राहिले. भावजय त्यांच्या मागे, मी बाजूला. दार उघडलं.

वॉकरची पुढची चाकं उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

ओटा खाली होता. फार नाही, बोटभर, फार तर थोडा जास्त. पण उंबरा संपत होता आणि मग सरळ कड तुटल्यासारखी होती, आणि तिच्या पलीकडे फळ्या. इतके रविवार गेले, इतके बुडबुडे मध्यभागी आले, आणि घोड्यानं पेंड खायची तिथेच खाल्ली. बोटभर पायरी. बाबांचे हात वॉकरवर घट्ट झाले. त्यांनी उजवा पाय जरासा पुढे घेतला आणि परत जागेवर ठेवला.

भाऊ एकदा उंबऱ्याकडे, एकदा ओट्याकडे बघत होता. माझ्याकडे बोलायला एवढं होतं की आठवडाभर पुरलं असतं, आणि त्यातला एक शब्द बाहेर येईना. मला माहीत होतं आता काय होणार. आता बाबा म्हणणार, असू दे, छान झालंय, आणि वॉकर वळवून पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार. आणि मग ते तिथून कधीच उठणार नाहीत. मी मनात म्हणत होते, नको, बाबा, काहीही म्हणा, पण छान म्हणू नका.

बाबा खाली वाकून कड बघत होते.

"उंबऱ्याची उंची कुणी घेतली?" त्यांनी विचारलं.

"मी," भाऊ म्हणाला.

"कशानं?"

"ड्रॉवरमधल्या टेपनं. इथेच हाताशी होता. कापताना मग नवा वापरला."

"तीन वजा केलेस?"

"केले ना बाबा. एवढं कळतं मला. वजा करूनच हिला आकडा सांगितला. ही चौकटीवर लिहून घेत होती."

बाबांनी मान वळवून भावजयीकडे बघितलं. ती भिंतीला टेकली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच मला कळलं.

"मला वाटलं, ते विसरले असतील," ती म्हणाली. "म्हणून मीही केले."

चौकटीवर तिच्या अक्षरातला आकडा पेन्सिलीनं लिहिलेला होता, आणि आता आम्ही चौघंही तिकडे बघत होतो. जगात कुठल्याही घरात बाई नवऱ्यानं सांगितलेला आकडा जसाच्या तसा लिहून घेईल. आमच्या घरात अठरा वर्षं काढलेली बाईच त्यातून आणखी तीन काढेल.

मला बाबांच्या मानेची फुगलेली शीर दिसली आणि मला हायसं वाटलं, कारण ती शीर मी ओळखते.

"ठोकळ्या," ते भावाला म्हणाले, "तू गाढव आहेस हे मला तुझ्या बारशापासून माहीत आहे. तुझं मला नवल नाही. पण तू गं?" ते भावजयीकडे वळले. "तुला मी शहाणी समजत होतो. तोंडात जीभ नाही तुझ्या? वजा केले का, एवढं विचारायला काय झालं होतं? एक गाढव कमी होतं का या घरात, म्हणून तू दुसरं झालीस? मिठाचा चहा पाजलास तेव्हाच मला ओळखायला हवं होतं."

भावजयीनं तोंडावर हात धरला आणि ती झटकन ओट्याकडे, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळली. तिचे खांदे हलत होते. परक्याच्या पोरीला एवढं बोलले, आता ही रडते की काय, म्हणून मी जवळ गेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतंच, पण बाई हसत होती.

"ताई," ती माझ्या कानात म्हणाली, "मला गाढव म्हणाले."

जसं काही तिला शालजोडी मिळाली होती. तेव्हा कुठे मला त्या मिठाच्या चहाचं रडणं कळलं.

"आणि कात्री, तू काय दात काढतेस?" बाबांचं अजून संपलं नव्हतं. "दर रविवारी येऊन चहा ढोसलास, खिडकीत बसून नावं ठेवलीस. एकदा बाहेर जाऊन उंबरा बघावासा नाही वाटला? नुसती जीभ चालवायला अक्कल लागत नाही. ते मीही करतो."

मी म्हटलं, "हो बाबा." याच्यापेक्षा जास्त बोलले असते तर मलाही रडू फुटलं असतं.

"फळीचा तुकडा उरलाय का एखादा? माझा रंधा आणा."

"बाबा, मी लगेच नवीन मशीननं—" भाऊ म्हणाला.

"तू हात लावू नकोस. तुझ्या हातांची कीर्ती दारात पसरलीय."

त्यांना खुर्ची दिली, मांडीवर जुनं गोणपाट दिलं. रंधा पहिल्यांदा चालवला तेव्हा हात थरथरत होता. मग थरथरायचा थांबला, किंवा रागात त्यांच्या लक्षात राहिला नाही. उंबऱ्याच्या कडेला लावायची उतरती पट्टी करायची होती, पाचरीसारखी, एका अंगाला जाड आणि एका अंगाला पातळ. मोजायची वेळ आली तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधलाच टेप मागितला. आधी खालचा ड्रॉवर ओढून मी तो काढून दिला. भावजयीनं कड मोजली आणि आकडा सांगितला, तेव्हा आम्ही तिघांनी एकदम विचारलं, "वजा करून की न करता?"

पट्टी झाली ती वाकडी झाली, हे सांगायला नकोच. एक कोपरा वर राहिला. भावानं तोंड उघडलं आणि मी त्याच्या पायावर पाय दिला, नेमका फळी पडली होती त्याच. बाबांनी ती स्वतः जागेवर बसवून घेतली, स्क्रू कसे पिळायचे यावर भावाला चार गोष्टी सुनावल्या आणि वॉकर धरून उठले. चाकं पट्टीवर चढली, कोपरा खाली दबला आणि टक असा आवाज झाला. "लिंबाच्या आळ्यात पाणी कुणी घातलं नाही का रे, की तेही कुणीतरी घातलं असेल म्हणून दुसऱ्यानं घातलं नाही," असं म्हणता म्हणता त्या वर राहिलेल्या कोपऱ्यावरून त्यांचा पाय उचलला गेला आणि पलीकडे पडला. त्यांच्या लक्षातही आलं नाही. आमच्या तिघांच्या आलं.

ओटा अजून तसाच आहे, तीन सेंटिमीटर खाली. भाऊ म्हणत होता, सगळं काढून वर घेतो, दाढीवाल्यानं उपाय सांगितलाय. बाबांनी त्याला असं काही सुनावलं की त्यानं पुन्हा विषय काढला नाही. पट्टीही तशीच आहे. रोज सकाळी वॉकर तिच्यावर चढला की टक वाजतं. ते ऐकू आलं की भावजय चहा गाळता गाळता आतून हाक मारते, "बाबा, गेलात का बाहेर?"

आणि बाहेरून उत्तर येतं, "नाही, तुझ्या तीन सेंटिमीटरमध्ये पडलोय. चहा आण, आणि मीठ घालू नकोस."